सहीची किंमत

१९५७ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे वरकरणी किरकोळ वाटणारे एक प्रकरण आले. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांना देणग्या द्यायच्या होत्या आणि त्यासाठी कंपनीच्या मेमोरँडममध्ये दुरुस्ती हवी होती. एका भागधारकाने हरकत घेतली. मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांना कायद्यात अशा दुरुस्तीला अडसर दिसला नाही, म्हणून त्यांनी ती मान्य केली. पण निकालाच्या अखेरीस त्यांनी संसदेला उद्देशून काही वाक्ये मुद्दाम लिहिली. कंपन्यांना पक्षनिधीत पैसे घालू देणे फार धोक्याचे आहे, हा धोका झपाट्याने वाढू शकतो आणि शेवटी या देशातल्या लोकशाहीचाच गळा घोटू शकतो, असा त्यांचा आशय होता.

त्यानंतर थोड्याच अवधीत छागलांवर दुसरी कामगिरी आली. कोलकात्याचे उद्योगपती हरिदास मुंध्रा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे १ कोटी २४ लाख रुपयांचे शेअर आयुर्विमा महामंडळाने जून १९५७ मध्ये घेतले होते. महामंडळ तेव्हा जेमतेम वर्षाचे होते, त्यातला पैसा पॉलिसीधारकांचा होता आणि या खरेदीसाठी गुंतवणूक समितीला विचारलेही गेले नव्हते. लोकसभेत हा विषय लावून धरला तो फिरोज गांधींनी. ते सत्ताधारी काँग्रेसचेच खासदार आणि पंतप्रधान नेहरूंचे जावई. छागलांचा एकसदस्यीय आयोग नेमला गेला आणि त्याची सुनावणी मुंबईत खुली झाली. ती ऐकायला इतकी गर्दी लोटली की बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. नेमणुकीपासून महिन्याच्या आत अहवाल हाती आला. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी स्वतः पैसे घेतले असे आयोगाने म्हटले नव्हते. सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याला टाळता येत नाही, एवढेच म्हटले होते. फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला.

पैसा, नीती आणि राजकारण यांची चर्चा आपल्याकडे बहुधा माणसाच्या चारित्र्यापासून सुरू होते आणि तिथेच संपते. अमका स्वच्छ, तमका बरबटलेला. स्वातंत्र्यानंतरची मोठी प्रकरणे ओळीने वाचली, की चारित्र्याहून ठळक अशी एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. ज्या मालाची, जमिनीची किंवा परवान्याची किंमत सरकारी सहीवर ठरते, तिथे संपत्तीला त्या सहीची गरज असते; आणि सही करणाऱ्याला निवडणूक लढवायला संपत्तीची गरज असते. या दोन गरजा जिथे अंधारात भेटतात तिथे भ्रष्टाचार रुजतो. माणूस बदलला तरी जागा तीच राहते. नीतीला या गोष्टीत स्थान नाही असे मात्र नाही. तिचे स्थान आहे ते हिशेब उघडा ठेवण्यात, आणि ही कसोटी महात्मा गांधींनी फार आधी घालून दिली होती.

गांधींनी धनिकांचा पैसा नाकारला नाही. वर्ध्याचे जमनालाल बजाज अनेक वर्षे काँग्रेसचे खजिनदार होते, घनश्यामदास बिर्ला सढळ हाताने देत होते. धनिकाने आपल्या संपत्तीचा मालक न राहता विश्वस्त व्हावे, हा गांधींचा विचार प्रसिद्ध आहे. त्याहून कमी बोलले जाते ते त्यांच्या हिशेबाच्या कडकपणाबद्दल. कस्तुरबांना कोणीतरी दिलेले चार रुपये आश्रमाच्या कार्यालयात जमा झाले नाहीत, हे कळल्यावर १९२९ मध्ये गांधींनी ते ‘नवजीवन’मध्ये जाहीरपणे लिहिले. आज ते निष्ठुरपणाचे वाटेल, कस्तुरबांवर अन्यायाचेही वाटेल. पण सार्वजनिक पैशाबाबत घरच्या माणसालाही सूट नाही, हे त्यांना सगळ्यांसमोर सांगायचे होते.

तरीही एका माणसाचा कडकपणा संघटनेला पुरला नाही. १९३७ मध्ये प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली आणि पहिल्यांदाच त्यांच्या हाती सही आली. दोन वर्षांत, म्हणजे १९३९ मध्ये, संघटनेत बोकाळलेला भ्रष्टाचार सहन करण्यापेक्षा काँग्रेसला मूठमाती देणे बरे, अशा अर्थाचे गांधी लिहीत होते. माणसे तीच होती, तुरुंगात जाऊन आलेली. बदलली होती ती त्यांची खुर्ची.

मराठी मुलखात हे आधीही कोणी पाहिले नव्हते असे नाही. सार्वजनिक बांधकामांची कंत्राटे स्वतः घेतलेल्या जोतीराव फुल्यांनी सरकारी खात्यांतल्या लाचखोरीवर एकोणिसाव्या शतकातच लिहिले आणि ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कारकुनापासून वरपर्यंत शेतकरी कसा नागवला जातो ते दाखवले. फुल्यांच्या लेखनाचे वेगळेपण असे की लाच त्यांना नुसती चोरी वाटत नाही. अक्षरओळख, जात आणि अधिकार एकाच हातात असले की ज्याच्याजवळ यातले काहीच नाही त्याच्याकडून वसुली होणारच, असे ते दाखवतात. लाचेच्या प्रत्येक चर्चेत ही बाजू ध्यानात ठेवायला हवी. सातबाऱ्यावरच्या नोंदीसाठी अल्पभूधारक जे मोजतो ते त्याच्या कमाईच्या मानाने एखाद्या कंपनीच्या देणगीपेक्षा किती तरी जड असते.

स्वातंत्र्यानंतर राज्य मोठे झाले. सिमेंट, पोलाद, साखर, परकीय चलन, कारखान्याची क्षमता, सगळ्याला परवाना लागू लागला. त्यामागचा हेतू प्रामाणिक होता: टंचाईच्या देशात वस्तू बळवंताच्या घशात जाऊ नयेत. पण परवाना हीच एक दुर्मिळ वस्तू झाली. लालबहादूर शास्त्री गृहमंत्री असताना १९६२ मध्ये के. संथानम यांची समिती नेमली गेली आणि १९६४ मध्ये तिचा अहवाल आला. केंद्रीय दक्षता आयोग हे त्याचे फळ. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कामांत साधारण ७ ते ११ टक्के रक्कम अधिकाऱ्यांत वाटली जाते, असे समितीला सांगितले गेल्याची नोंद त्या अहवालात आहे. आज महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी ठेकेदार ज्याला ‘टक्केवारी’ म्हणतात तिचे दर साठ वर्षांपूर्वी सरकारी कागदावर आले होते.

महाराष्ट्राने या सगळ्याचा सर्वांत बोलका धडा १९८१-८२ मध्ये पाहिला. मुख्यमंत्री बॅरिस्टर अ. र. अंतुले यांनी साहित्यिक-कलावंतांना साहाय्य करण्यासाठी इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान स्थापन केले. हेतूला कोण नावे ठेवणार? ऑगस्ट १९८१ च्या अखेरीस अरुण शौरी यांनी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये प्रतिष्ठानच्या देणग्यांचा मागोवा छापला. सिमेंटवर तेव्हा सरकारी नियंत्रण होते आणि मुंबईतल्या बांधकाम व्यावसायिकांना ते कोट्याने मिळे. जनता पक्षाचे प. बा. सामंत उच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती बी. लेंटिन यांनी १२ जानेवारी १९८२ रोजी निकाल दिला: सिमेंटचे वाटप आणि प्रतिष्ठानला मिळालेल्या देणग्या यांचा संबंध आहे. अंतुलेंनी मुख्यमंत्रिपद सोडले.

पुढचा प्रवास मात्र मुंध्रा प्रकरणाच्या वेगाने झाला नाही. फौजदारी खटला खालच्या कोर्टातून उच्च न्यायालयाकडे, तिथून सर्वोच्च न्यायालयाकडे फिरत राहिला. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच खटला उच्च न्यायालयात चालवण्याचा आदेश दिला होता. १९८८ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने तो आदेश चुकीचा ठरवून रद्द केला. अंतुले राजकारणात परतले आणि केंद्रात मंत्रीही झाले. या प्रकरणाची खरी शिकवण खटल्यात नाही, व्यवहाराच्या बांधणीत आहे. पैसा कोणाच्या घरी न जाता धर्मादाय संस्थेत गेला, चेकने गेला, उद्देश उदात्त होता. तरीही देणाऱ्याने तो दिला तो कलावंतांच्या प्रेमापोटी नव्हे, पोत्यांसाठी. ‘मी स्वतःसाठी काही घेतले नाही’ हे वाक्य राजकारणात निर्दोषपणाचे प्रमाणपत्र मानले जाते. ज्याला सिमेंट मिळाले नाही त्या छोट्या बांधकामवाल्याला त्या वाक्याने काय दिलासा मिळावा?

निवडणुकीच्या खर्चाची गोष्ट याला समांतर चालते. पहिल्या निवडणुकीत लोकसभेच्या उमेदवाराला २५,००० रुपयांची मर्यादा होती. आता मोठ्या राज्यांत ती ९५ लाख आहे. मर्यादा आहे, पण तिला मोठे भगदाड आहे. ऑक्टोबर १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही उमेदवाराच्या खात्यात धरावा. त्याच महिन्यात वटहुकूम निघाला, मग कायदा झाला आणि निकालाची धार गेली. पक्षाच्या स्वतःच्या खर्चाला आजही वरची सीमा नाही. २०१३ मध्ये मुंबईतल्या एका जाहीर कार्यक्रमात गोपीनाथ मुंडे यांनी २००९ च्या आपल्या लोकसभा निवडणुकीचा खर्च ८ कोटींवर गेल्याचे सांगितले. तेव्हाची मर्यादा २५ लाख. निवडणूक आयोगाची नोटीस आली आणि त्यांना खुलासा करावा लागला. त्या आकड्याने सामान्य मतदार चकित झाला नाही, हीच त्यातली सर्वांत गंभीर गोष्ट.

छागलांचा इशारा संसदेने अर्धवट ऐकला. १९६० मध्ये कंपन्यांच्या देणगीला मर्यादा आली. १९६९ मध्ये तर बंदीच आली. त्या वेळी अनेक उद्योगपती विरोधातल्या स्वतंत्र पक्षाकडे झुकले होते, हे लक्षात घेतले तर बंदीमागे नीतीइतकेच राजकारणही दिसते. बंदीने पैसा थांबला नाही. तो रोखीत गेला, पक्षांच्या स्मरणिकांतल्या पानभर जाहिरातींत गेला. १९८५ मध्ये नफ्याच्या ५ टक्क्यांपर्यंत देणगी पुन्हा वैध झाली, २०१३ च्या कायद्याने मर्यादा साडेसात टक्के केली.

१९९१ नंतर परवाने गेले. सहीची किंमत संपेल असे अनेकांना वाटले होते. सिमेंटपुरते ते खरेही ठरले, आज सिमेंटच्या पोत्यासाठी कोणी मंत्रालयाची पायरी चढत नाही. पण जमीन, खनिजे, दूरसंचाराच्या लहरी (स्पेक्ट्रम) यांची मालकी सरकारकडेच राहिली आणि बाजार खुला झाल्याने त्यांची किंमत कित्येक पटींनी चढली. २जी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये १२२ परवाने रद्द केले. विशेष न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सर्व आरोपींना निर्दोष सोडले. दोन्ही निकाल एकत्र वाचावे लागतात. वाटप मनमानीने झाले हे एका न्यायालयाने ठरवले, लाच दिल्या-घेतल्याचा पुरावा दुसऱ्यापुढे उभा राहिला नाही. कोळशाच्या खाणींचेही तसेच: २०१४ मध्ये २१४ वाटपे रद्द झाली आणि लिलाव सुरू झाले.

गोव्याचे उदाहरण या बाबतीत अधिक खोलात जाऊन पाहण्यासारखे आहे. पोर्तुगीज काळात दिलेल्या खाणींच्या सनदा १९८७ च्या कायद्याने भाडेपट्टे झाल्या. खाणमालक आणि सत्ता यांचे नाते तिथे जुने आहे, आणि ते सरसकट काळेही नाही. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः खाणमालक होते आणि बहुजन समाजात त्यांच्याविषयी आजही आदर आहे. चीनची मागणी वाढली तशी या शतकाच्या पहिल्या दशकात डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांतून लोहखनिजाचे ट्रक रात्रंदिवस धावू लागले. २०१२ मध्ये न्यायमूर्ती एम. बी. शहा आयोगाचा अहवाल आला. बेकायदा खाणकामामुळे सुमारे ३५,००० कोटींचे नुकसान झाल्याचा अंदाज त्यात होता. खाणी बंद झाल्या. ‘गोवा फाउंडेशन’च्या याचिकेवर एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पट्ट्यांची मुदत २००७ मध्येच संपली होती, वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली आणि खनिजविक्रीतला वाटा पुढच्या पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवायला सांगितला.

त्यानंतर जे घडले त्यात या लेखाचा सगळा विषय सामावला आहे. लिलाव सक्तीचा करणारा केंद्राचा वटहुकूम १२ जानेवारी २०१५ रोजी निघाला. त्याआधीच्या दोन-सव्वादोन महिन्यांत गोवा सरकारने ८८ पट्ट्यांचे घाईघाईने नूतनीकरण करून टाकले होते. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही सगळी नूतनीकरणे रद्द केली. बेकायदा खाणकामाची वर्षे काँग्रेसच्या राजवटीतली, नूतनीकरणे भाजपच्या. पक्ष बदलला, पट्टेदारांच्या यादीत फारसा फरक पडला नाही. आणि ट्रकसाठी कर्ज काढलेली, खाणींवर पोट असलेली हजारो कुटुंबे या सगळ्यात मधल्यामधे भरडली गेली.

महाराष्ट्राच्या सहकाराची वाट वेगळी. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला उभी केलेली चळवळ म्हणजे संपत्ती आणि नीती यांची सांगड घालण्याचा विसाव्या शतकातला महाराष्ट्राचा सर्वांत मोठा प्रयोग होता. ऊस पिकवणारा कारखान्याचा मालक झाला. पुढे कारखान्याचा अध्यक्षच आमदार, जिल्हा बँकेचा संचालक आणि शिक्षणसंस्थेचा चालक होऊ लागला. कर्ज मागणारा, देणारा आणि त्याला सरकारी हमी मिळवून देणारा एकाच वर्तुळात आला. मे २०११ मध्ये राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळ बरखास्त करून प्रशासक नेमावे लागले. त्या मंडळात प्रमुख पक्षांची माणसे एकत्र बसत होती. अनेक आजारी कारखाने खाजगी हातांत गेले. सभासद शेतकऱ्याचे भागभांडवल त्यात बुडाले, याचे दुःख राजकीय गदारोळात हरवून गेले.

‘आधीच श्रीमंत असलेला उमेदवार निवडा, त्याला खायची गरज नाही’ असा एक समज गावोगाव आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे उमेदवारांची मालमत्ता प्रतिज्ञापत्रांतून दिसू लागली, म्हणून हा समज तपासता येतो. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्सच्या मोजणीनुसार २००९ मध्ये लोकसभेचे ५८ टक्के सदस्य कोट्यधीश होते, २०२४ मध्ये ९३ टक्के. महागाईने कोटीची पत उतरली हे धरूनही वाढ मोठी आहे. सदनात श्रीमंती वाढली म्हणून कारभार तेवढा स्वच्छ झाला, असे कोणी म्हणणार नाही. उलट पक्षच स्वतःचा खर्च स्वतः करू शकणारा उमेदवार शोधतात, हे मिलन वैष्णव यांनी आपल्या अभ्यासात दाखवले आहे. गुन्हे दाखल असलेल्यांना तिकिटे मिळतात त्यामागचे एक कारण हेच.

याच्या दुसऱ्या टोकाला लहान रकमांचा मोह आहे. १९५१ मध्ये एच. जी. मुद्गल या खासदाराने मुंबईच्या सराफा बाजाराच्या संघटनेकडून पैसे घेऊन संसदेत तिचे काम केल्याचे चौकशीत सिद्ध झाले. नेहरूंनी स्वतः ठराव मांडला. मुद्गल यांनी राजीनामा दिला तरी ते हकालपट्टीलाच पात्र होते, असे सभागृहाने नोंदवून ठेवले. २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याबद्दल ११ खासदार गेले. त्यांतल्या एकाने घेतलेली रक्कम १५,००० रुपयांइतकी लहान होती. मत विकणाऱ्यांना मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या निकालाने घटनात्मक संरक्षण मिळाले होते. १९९३ च्या अविश्वास ठरावात झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांनी पैसे घेऊन मत दिल्याचे ते प्रकरण. हा निकाल उलटायला मार्च २०२४ उजाडले.

पैशाशिवाय निवडणूक जिंकताच येत नाही, हेही पूर्ण सत्य नाही. सांगोल्याचे गणपतराव देशमुख १९६२ मध्ये पहिल्यांदा विधानसभेत गेले आणि शेतकरी कामगार पक्षाच्या तिकिटावर एकूण ११ वेळा निवडून आले. दुष्काळी तालुका, छोटा पक्ष, एसटीने प्रवास करणारा आमदार. त्यांना विरोधक हरवूही शकत होते, दोनदा हरवलेही. अशी माणसे अपवाद असतात खरी, पण त्यांना मत देणारे लाखभर लोक अपवाद नसतात. तिथल्या मतदाराला कामाचा हिशेब दिसत होता.

आणि हिशेब झाकण्याची सर्वांत मोठी, कायद्याने केलेली व्यवस्था म्हणजे निवडणूक रोखे. २०१७ च्या वित्त विधेयकातून ती आली. कंपनीच्या देणगीवरची नफ्याची मर्यादा गेली, कोणत्या पक्षाला दिले ते सांगण्याचे बंधन गेले. रिझर्व्ह बँकेने आणि निवडणूक आयोगाने आपले आक्षेप लेखी नोंदवले होते. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायाधीशांनी एकमताने योजना घटनाबाह्य ठरवली. स्टेट बँकेने माहिती द्यायला जूनअखेरपर्यंत वेळ मागितला, न्यायालयाने नाकारला, आणि मार्चमध्ये याद्या उघड झाल्या. एप्रिल २०१९ नंतरच्या रोख्यांत भाजपला सुमारे ६,०६० कोटी, तृणमूल काँग्रेसला सुमारे १,६१० कोटी, काँग्रेसला सुमारे १,४२० कोटी मिळाले. सर्वांत मोठी खरेदीदार लॉटरीचा धंदा करणारी फ्युचर गेमिंग: १,३६८ कोटी. दुसरी मेघा इंजिनिअरिंग: ९६६ कोटी. ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचे काम मेघाला मिळाले ते २०२३ मध्ये, १४० कोटींच्या रोखेखरेदीनंतर महिनाभरात, ही तारखांची जुळणी वृत्तपत्रांनी दाखवली. तारखा जुळल्या म्हणून देवघेव सिद्ध होत नाही. पण ती तपासायची कोणी? विशेष तपास पथकाची मागणी सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये फेटाळली.

हिशेब उघडा करणाऱ्या सामान्य माणसाला याची किंमत जिवाने मोजावी लागते, हे महाराष्ट्राला सांगायला नको. माहिती अधिकाराचा कायदा या राज्यात केंद्राच्या आधी आला, त्यामागे अण्णा हजारे यांच्या उपोषणांचा रेटा होता. त्याच कायद्याच्या आधाराने मावळातले जमिनीचे व्यवहार बाहेर काढणारे सतीश शेट्टी १३ जानेवारी २०१० च्या सकाळी तळेगाव दाभाडे येथे मारले गेले. देशातले पहिले लोकायुक्तही महाराष्ट्राचेच, १९७१ च्या कायद्याने आलेले, पण त्यांना दीर्घकाळ शिफारशीपलीकडे अधिकार नव्हता. शिवाय भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीने लाच देणाराही सरळ गुन्हेगार झाला, आणि त्याच दुरुस्तीने अधिकाऱ्याच्या निर्णयाची चौकशी करण्याआधी सरकारची परवानगी लागू झाली.

सर्वांत बंद दार आज पक्षांच्या कार्यालयांचे आहे. केंद्रीय माहिती आयोगाने ३ जून २०१३ रोजी सहा राष्ट्रीय पक्षांना माहिती अधिकाराखालची सार्वजनिक प्राधिकरणे ठरवले. काँग्रेस, भाजप, राष्ट्रवादी, बसप आणि दोन्ही कम्युनिस्ट पक्ष, कोणीही तो आदेश पाळला नाही. माकपने निवडणूक रोखे घेतले नाहीत, त्याविरुद्ध याचिकाही केली. पण या आदेशापुढे तोही इतरांच्याच रांगेत उभा राहिला. पक्षांना सरकारी भूखंड मिळतात, आयकरात सूट मिळते, प्रचारासाठी आकाशवाणी-दूरदर्शनचा वेळ मिळतो. रोखे गेल्यानंतरही २०,००० रुपयांपर्यंतच्या देणगीदाराचे नाव निवडणूक आयोगाला कळवावे लागत नाही, आणि एका पक्षाच्या खात्यात अशा बिननावाच्या देणग्या किती असाव्यात याला कायद्यात मर्यादा नाही.